सुई टोचल्या जागीं येणारी गांठ : साधी कीं पुवाची ?

पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदमळणीच्या वेळीं बैलाच्या मानेवरून लोण्याहळदीचा हात फिरवितांना पुष्कळ शेतकऱ्यांच्या बोटांस एक गांठ लागते. डोळ्यांस विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु कातडीखालीं कोठें सुपारीएवढी, कोठें लिंबाएवढी, तर कोठें मुठीएवढी गांठ हातास स्पष्ट कळते. मग अंगणांत वाद सुरू होतो. एक म्हणतो, "लशीची गांठ आहे, जिरेल." दुसरा म्हणतो, "आंत पू झाला आहे, फोडून मोकळी करा." तिसरा म्हणतो, "पुढच्या खेपेस लस टोचणारे आले म्हणजे ढोरें रानांत हांकून द्यावीं." यांपैकीं पहिल्याचें म्हणणें पुष्कळदां खरें असतें, दुसऱ्याचें कधीं कधीं खरें असतें, आणि तिसऱ्याचें ऐकिलें तर कोठा रिकामा होण्याची वेळ येते. म्हणून गांठ कोणत्या जातीची आहे हें ओळखावें कसें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. माझें शिक्षण मराठी शाळेंत जेवढें झालें तेवढेंच, आणि पुढील सारें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. परंतु घरीं चार बैल, दोन गाई व एक म्हैस एवढें गोधन आहे, आणि त्यांतील एका बैलाच्या मानेवरील गळवापायीं एका वर्षीं ऐन रोवणीचा हंगाम माझ्या हातचा गेला. त्या वेळीं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनीं जें समजावून दिलें, आणि त्यानंतर स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या गुरांवर हात ठेवून जें प्रत्ययास आलें, तेंच येथें मांडीत आहें.

गुरांस सुई टोचण्याचे प्रसंग आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढले आहेत. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीं, लाळ्या-खुरकूताची वर्षांतून दोनदां, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यांत एकदां. यांपैकीं शेवटच्या दोहोंसाठीं २०१९ सालापासून साऱ्या देशांत सरकारी मोहीम चालू आहे. त्यांतच २०२० सालीं लंपी चर्मरोग महाराष्ट्रांत आला; तो प्रथम आढळला तो आपल्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यांत, सिरोंचा भागांत. पुढें २०२२ सालीं तो राज्यभर पसरला, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गांवोगांव गाईबैलांस टोचण्यांत आली. त्या वर्षीं लशीची गांठ कोणती आणि रोगाची गांठ कोणती, या घोटाळ्यांत पुष्कळ मंडळी सांपडलीं.

सुईविषयीं मनांत राग धरण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आमच्या आजोबांच्या तोंडीं बुळकांडीचें नांव नेहमीं असे. ती आली म्हणजे एका पंधरवड्यांत दावणीच्या दावणी मोकळ्या होत. त्या रोगाचें नांव आजच्या तरुणांस ठाऊक नाहीं, कारण तो रोगच उरला नाहीं. हिंदुस्थान २००६ सालीं त्यापासून मुक्त ठरला आणि २०११ सालीं सारें जग मुक्त झाल्याचें जाहीर झालें. हें काम कोणत्या मंत्रानें झालें नाहीं. तें सुईनेंच झालें. तेव्हां प्रश्न सुई असावी कीं नसावी हा नसून, ती कशी टोचली जाते आणि टोचल्यानंतर आपण त्या जागेकडे लक्ष देतों कीं नाहीं, हा आहे.

आतां सुई आंत गेल्यावर काय होतें तें पाहूं. औषध किंवा लस ही शरीरास परकी वस्तु असल्यामुळें तिच्याभोंवतीं थोडी सूज येणें स्वाभाविक आहे. लाळ्या-खुरकूताची लस तेलांत कालविलेली असते. तें तेल मुद्दाम घातलेलें असतें. त्यायोगें लस हळूहळू शरीरांत उतरते आणि तिचा गुण दीर्घकाळ टिकतो. परंतु तेल लवकर विरघळत नसल्यानें त्याभोंवतीं शरीर एक घट्ट कवच बांधतें. हीच ती कठीण गांठ होय. तींत जंतु नसतात, पू नसतो. ती कित्येक आठवडे व कधीं कित्येक महिने राहते आणि आपोआप लहान होत जाते. कांहीं औषधें, उदाहरणार्थ दीर्घकाळ गुण देणारें ऑक्सिटेट्रासायक्लिन, स्वभावतःच दाहक असतात. तीं एकाच जागीं फार टोचलीं तर तेथील मांस होरपळल्यासारखें होऊन कठीण पडतें. याहून निराळी गोष्ट म्हणजे सुईबरोबर जंतु आंत जाणें. शेणामुतानें भिजलेली कातडी, दहा जनावरांस टोचून बोथट झालेली सुई, अर्धी वापरून ताकांत ठेवलेली बाटली, यांपैकीं कोणत्याही वाटेनें जंतु आंत शिरले म्हणजे शरीर त्यांस घेरून मारूं पाहतें. त्या झगड्यांत मेलेल्या पेशी व जंतु यांचा जो राडा होतो तोच पू. गुरांच्या पुवांत वारंवार सांपडणारा एक जंतु ट्रुपेरेला पायोजेनिस या नांवानें ओळखला जातो. तो निरोगी जनावराच्या कातडीवर व तोंडानाकांतही असतो, फक्त वाट मिळण्याची वाट पाहत असतो.

आमच्या भागांत ही वाट त्यास सहज मिळते. वैनगंगेवर गोसीखुर्द येथें धरण बांधलें गेलें. त्याची पायाभरणी १९८८ सालीं झाली. धरणाच्या पाण्यानें धानास सोय झाली खरी, पण चराईची रानें पाण्याखालीं गेलीं, आणि जीं ढोरें पूर्वीं दिवसभर गायकीबरोबर हिंडत तीं आतां कोठ्यांत दाटीवाटीनें बांधलेलीं असतात. पावसाळ्यांत त्यांच्या अंगावर चिखलाचा थर असतो. त्यावरूनच सुई टोचली तर चिखल टोचल्यासारखेंच होय.

माझ्या बैलाची हकीकत आतां सांगतों. पाखऱ्या हा माझा डाव्या बाजूचा बैल. ज्येष्ठांत त्यास लाळ्या-खुरकूताची लस टोचली गेली. त्यानंतर चार दिवसांनीं तो चारा कमी खाऊं लागला, म्हणून गांवावरून जाणाऱ्या एका पिशवीवाल्या मनुष्याकडून मीं त्यास इंजेक्शन देवविलें. तो मनुष्य कोण, त्यानें कोठें शिक्षण घेतलें, याची मीं विचारपूस केली नाहीं. त्यानें मोठी पिचकारी भरून सारें औषध एकाच जागीं रिकामें केलें, आणि तेंही लस टोचलेल्याच बाजूस. आठव्या दिवशीं तेथें लिंबाएवढी सूज दिसली. मीं ती लशीची समजलों. पंधराव्या दिवशीं ती नारळाएवढी झाली, तरी मी लशीचीच समजत होतों. मृग कोरडा गेला होता, आर्द्रेंत पाऊस आला आणि चिखलणीस बैल हवा होता. जूं ठेवलें तर पाखऱ्या मान वांकडी करून बसूं लागला. घरच्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यानें सुजेवर बिब्ब्याचे चटके दिले. त्यानें कातडी जळाली, पू आंतल्या आंत राहिला, आणि ताप चढला. शेवटीं पवनीहून पशुवैद्यकीय अधिकारी आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोणती सुई, कोणत्या तारखेस, कोणत्या बाजूस ?" तीस वर्षें लोकांच्या जमिनीच्या तारखा लिहिल्या, पण स्वतःच्या बैलाची एक तारीख मजपाशीं लिहिलेली नव्हती. लसही त्याच बाजूस, औषधही त्याच बाजूस. कोणत्या सुईनें घात केला हें आजतागायत ठरलें नाहीं. गळूं कापून साफ झालें, पण जखम भरून बैल जुंपण्यास योग्य होईतों रोवणी आटोपली. चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनें करावी लागली, आणि दोन बांध्या पडीक राहिल्या.

हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, निदानाचा अर्धा भाग हातानें नसून तारखेनें होतो. सूज सुईनंतर किती काळानें आली हें ठाऊक असेल तर पुष्कळ उलगडा आधींच होतो. सुई निघतांच, किंवा त्याच दिवशीं, मऊ फुगवटा आला तर तेथें बहुधा रक्त सांचलें आहे. एखादी लहान शीर फुटली असावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं थोडी ऊब व थोडें दुखणें असून जनावर खातेंपितें असेल, तर ती लशीची अथवा औषधाची स्वाभाविक सूज समजावी. लशीनंतर एक-दोन दिवस अंग कोमट लागणें व दूध किंचित् कमी होणें हेंही होतें, आणि तें आपोआप जातें. सूज उतरूं लागण्याऐवजीं पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत वाढूं लागली, तर मात्र पुवाचा संशय घ्यावा. आणि सुईनंतर एक-दोन दिवसांच्या आंत सूज झपाट्यानें पसरून जनावर मलूल झालें, तर तो सर्वांत भयंकर प्रकार असूं शकतो. त्याविषयीं पुढें स्वतंत्रपणें लिहिलें आहे.

तारखेनंतर हात. जनावर खोड्यांत किंवा झाडाशीं नीट बांधून, त्यास चुचकारून, प्रथम निरोगी बाजूवर हात फिरवावा. असें केल्यानें त्या जनावराच्या मानेची नेहमींची ठेवण हातास कळते व जनावरही शांत होतें. मग सुजेवर हाताची पालथी बाजू ठेवावी. ऊब तळहातापेक्षां पालथ्या हातास लवकर कळते. तेलाची गांठ थंड लागते, पिकूं लागलेलें गळूं तापलेल्या भांड्यासारखें लागतें. पण येथें एक सावधगिरी पाहिजे. गळूं जुनें होऊन त्याभोंवतीं जाड वेष्टण तयार झालें म्हणजे तेंही थंड पडतें. तेव्हां केवळ थंड आहे म्हणून निर्धास्त राहूं नये.

नंतर एका बोटानें सुजेच्या कडेस दाबावें. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला तर तेथें पाणी उतरलें आहे. गळवाभोंवतीं आरंभीं असें पाणी असतें. मग गांठ दोन बोटांत धरून हालवून पाहावी. साधी गांठ बहुधा कडेनें रेखीव असते, दाबली तरी जनावर तक्रार करीत नाहीं. गळूं आरंभीं कडेनें अस्पष्ट, सर्वत्र कठीण व अतिशय दुखरें असतें; हात लावतांच जनावर अंग चोरतें किंवा मान झटकतें. पुढें पू जमला म्हणजे मधला भाग मऊ पडतो. तो ओळखण्याची रीत अशी : दोन्ही हातांचीं बोटें सुजेच्या समोरासमोरच्या बाजूंस ठेवावीं आणि एका बाजूनें दाबावें. पाण्यानें भरलेल्या पखालीवर एकीकडे दाबलें असतां दुसरीकडे जसा धक्का पोहोंचतो, तसा धक्का दुसऱ्या हाताच्या बोटांस लागला तर आंत पातळ पदार्थ आहे हें निश्चित झालें. मग तो पू असेल, रक्त असेल, किंवा नुसतें पाणी असेल. परंतु ती भरीव गांठ नव्हे. पिकलेल्या गळवावर एखाद्या ठिकाणीं कातडी पातळ व चकचकीत होऊन तेथील केंस गळूं लागतात. तें गळवाचें तोंड होय.

एवढ्यानें संशय फिटला नाहीं तर सुतळीचा उपयोग करावा. हा माझ्या पूर्वीच्या धंद्यांतला प्रकार आहे. जमिनीची मोजणी साखळीनें होते, गांठीची सुतळीनें करावी. सुजेच्या सर्वांत रुंद भागावरून सुतळी टाकून तीवर गांठ मारावी, व तीन दिवसांनीं त्याच जागीं पुन्हा मोजावें. डोळा रोज पाहतो म्हणून फसतो, सुतळी फसत नाहीं. लशीची गांठ एक तर तेवढीच राहते किंवा कमी होते. वाढली, तर वैद्यास बोलवावें. याबरोबर तापमापकानें गुदद्वारांतील ताप सकाळच्या वेळीं पाहावा. निरोगी गाईबैलाचें उष्णतामान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतें. १०३ च्या वर गेलें तर ताप समजावा. दुपारच्या उन्हांत म्हशीचें अंग तसेंच तापतें, म्हणून सकाळची वेळ सांगितली आहे.

मानेवरील प्रत्येक गांठ सुईचीच असते असें नाहीं. ज्या बैलाचा खांदा जुंवानें घांसला जातो त्यास खांदेसूज येते; तीही उष्ण व दुखरी असते, पण ती जूं टेकतें तेथेंच, मानेच्या वरच्या अंगास असते, आणि सुईची जागा त्याखालीं मानेच्या बाजूस असते. खांद्याच्या हाडाच्या पुढें कातडीखालीं एक रसग्रंथि प्रत्येक जनावरास असते. गोचिडतापासारख्या रोगांत ती अंड्याएवढी फुगते. मात्र अशा वेळीं ती बहुधा दोन्ही बाजूंस फुगलेली असते, हें ताडून पाहावें. लंपी रोगांत गांठी एका ठिकाणीं नसून अंगभर उठतात, ताप जास्त असतो, व नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें. लस टोचल्या जागीं आलेल्या एकट्या फुगवट्यास लंपी म्हणून घाबरूं नये.

आतां त्या भयंकर प्रकाराविषयीं. आमच्या शेजारच्या घरीं दीड वर्षांचा एक गोऱ्हा होता, तिवसाच्या खोडासारखा भरलेला. त्यास लंगडण्यावरून मांडींत कोणीतरी इंजेक्शन दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मांडी फुगली. घरच्या मंडळींनीं म्हटलें, सुईची सूज आहे, एक-दोन दिवसांत उतरेल. संध्याकाळीं मी पाहावयास गेलों तेव्हां मांडीवर हात दाबतांच तणसाच्या वाळल्या काड्या मोडल्यासारखा करकर असा भास झाला. सूज आरंभीं उष्ण होती ती आतां मध्यें थंड पडली होती, आणि कातडी काळसर दिसत होती. गोऱ्हा मान टाकून बसला होता. रात्रीं तो गेला. माझ्याकडे पाखऱ्याचा अनुभव ताजा असल्यानें मीं 'गळूं असावें, पिकूं द्या' असें म्हटलें होतें, हें मला अजून बोंचतें.

ती सूज पुवाची नव्हती, वायूची होती. फऱ्या रोगाचे व त्याच्या जातीचे जंतु मातींत वर्षानुवर्षें बीजरूपानें पडून असतात. चाऱ्यावाटे पोटांत जाऊन ते मांसांत निमूट बसूं शकतात, आणि मुका मार किंवा टोचणी यांमुळें तेथील मांसाचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे जागे होतात. किंवा घाणेरड्या सुईबरोबर बाहेरूनही आंत जातात. ते वाढतांना वायु सोडतात, म्हणून हातास करकर लागते. गोऱ्ह्याचें पहिलें लंगडणेंच फऱ्याचें होतें, कीं सुईनें नंतर घात केला, हें मागाहून सांगतां येण्यासारखें नव्हतें. पण उपाय दोहोंचा एकच : करकर लागली कीं त्याच घटकेस पशुवैद्यास बोलवावयाचें. पेनिसिलिन भरपूर मात्रेंत आरंभींच मिळालें तर एखादें जनावर वांचतें; अर्धा दिवस गेला तर बहुधा वांचत नाहीं. असें मेलेलें जनावर सोलूं नये, उघडूं नये. खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावें, नाहीं तर तेंच बीज रानांत पसरतें.

या गोऱ्ह्याच्या मृत्यूचा दुसरा परिणाम पुढच्या खेपेस दिसला. लस टोचणारे कर्मचारी आले तेव्हां आमच्या आळींतील निम्मीं ढोरें दावणीस नव्हतीं. "सुईनें गोऱ्हा मेला," एवढीच गोष्ट लोकांच्या ध्यानांत राहिली होती. त्या गोऱ्ह्यास फऱ्याची लस कधींच टोचलेली नव्हती, ही गोष्ट कोणी बोलत नव्हतें. मीं दारोदार जाऊन सांगितलें. कांहींनीं ऐकिलें, कांहींनीं नाहीं.

जेथें सुई टोचली जाते त्या जागेवरूनही निदान बदलतें. मानेवरील गळूं लवकर दिसतें, कारण तेथें कातडीखालीं थोडक्यांतच मांस आहे. कुल्ल्याच्या जाड मांसांत झालेलें गळूं मात्र कित्येक दिवस वरून दिसतच नाहीं. पू दोन मांसांच्या थरांमधून खालीं उतरतो व टोचल्या जागेपासून हातभर अंतरावर फुगवटा येतो. पाय ताठ धरून चालणें, अधूनमधून ताप, दूध उतरणें, आणि वर कांहीं न दिसणें, हीं त्याचीं लक्षणें होत. तेथूनच पायाची मोठी नस गेलेली असल्यामुळें लहान वासरांच्या कुल्ल्यांत चुकीच्या जागीं सुई गेली तर पायच लुळा पडतो. म्हणून कुल्ला टाळून मान पत्करावी. अमेरिकेंत मांसासाठीं गुरें पाळणाऱ्यांनीं १९९१ सालापासून केलेल्या पाहण्यांत कुल्ल्याच्या मांसांत टोचणीचे व्रण फार आढळले, तेव्हां त्यांनीं टोचणीची जागा मानेवर आणली, आणि ते व्रण पुष्कळ कमी झाले. आपणांस मांसाशीं कर्तव्य नाहीं, पण बैलाच्या पायाशीं आहे.

शिरेंतून कॅल्शियम देण्याचा प्रसंग व्यालेल्या दुभत्या गाईम्हशींत येतो. त्या वेळीं जनावर उसळलें आणि सुई शिरेंतून निसटली, तर औषध शिरेबाहेर पडून मानेच्या खोबणींत लांबट सूज येते. शिरेस जंतुबाधा झाली तर ती दोरखंडासारखी कठीण लागते, आणि खालीं अंगठ्यानें दाबली तरी वर फुगत नाहीं. अशी शीर हें घरगुती उपायांचें काम मुळींच नव्हे, कारण तेथील पुवाचा कण रक्तावाटे थेट काळजांत व फुप्फुसांत जाऊं शकतो. कापण्याचें तर नांवही काढूं नये.

आतां, पू आहे कीं नाहीं याची अखेरची साक्ष कशानें मिळते ? पशुवैद्य त्या जागेचे केंस कातरून, कातडी औषधानें स्वच्छ करून, निर्जंतुक जाड सुई आंत घालतात व पिचकारीनें थोडें ओढून पाहतात. घट्ट पिवळट-हिरवट पदार्थ आला तर पू, लाल आलें तर रक्त, पातळ स्वच्छ आलें तर पाणी, आणि कांहींच न आलें तर भरीव गांठ, किंवा सुईच्या तोंडाशीं अडकण्याइतका घट्ट झालेला पू. दुर्गंधि फार असेल तर हवेवांचून वाढणाऱ्या जंतूंचा संशय येतो. वारंवार औषध देऊनही गुण नसेल तर हाच पू तपासणीस पाठवून कोणतें औषध लागू पडेल तें ठरवितां येतें. खोलवरच्या गळवासाठीं ध्वनिलहरींचें यंत्र लावून पाहण्याची सोय नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणीं असते.

ही परीक्षा घरीं करूं नये, आणि चाकू तर मुळींच लावूं नये. रक्ताची सूज कापली तर रक्त थांबत नाहीं. ती दोन आठवडे तशीच ठेविली तर पुष्कळदां आपोआप जिरते. कच्चें गळूं कापलें तर जंतु आसपासच्या मांसांत पसरतात. तेलाची गांठ कापली तर जेथें पू नव्हता तेथें पू होतो. पिकलेलें गळूंसुद्धां सर्वांत खालच्या बाजूस छेद देऊन, आंतील कप्पे मोकळे करून, रोज धुवावें लागतें. वरच्या तोंडानें पिळून काढलेला पू तळाशीं राहतोच. कापल्यानंतर माशी बसूं न देणें व निघालेला पू हातमोजे घालून खड्ड्यांत पुरणें, हें आपलें काम. आणि एकदां भरलेली जखम त्याच जागीं पुन्हा पुन्हा वाहूं लागली, तर आंत मोडलेल्या सुईचा तुकडा राहिला आहे कीं काय, याची चौकशी करावी.

दुखणें कमी करण्याच्या औषधांविषयीं जातां जातां एक शब्द. डायक्लोफिनॅक हें औषध गुरांसाठीं वापरण्यास २००६ सालापासून बंदी आहे, कारण तें टोचलेलें ढोर मेल्यावर त्याचें मांस खाऊन गिधाडें मरतात. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही २०२३ सालीं बंदी आली. कोणी पिशवींतून हीं काढलीं तर घेऊं नयेत. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषध त्याऐवजीं मिळतें.

सुई टोचतांना मालकानें उभें राहून काय पाहावें, हें थोडक्यांत लिहितों. अंग कोरडें व स्वच्छ असावें. पावसांत टोचून घेऊं नये, निदान टोचण्याची जागा पुसून घ्यावी. प्रत्येक जनावरास नवी सुई मागावी. ती मागण्यांत लाज नाहीं. लाळ्या-खुरकूताची लस मानेच्या मांसांत खोल टोचतात, तर लंपीसाठींची कातडीखालीं. लहान सुईनें मोठें काम किंवा मोठ्या सुईनें लहान काम करूं देऊं नये. एका जागीं दहा मिलिलिटरहून अधिक औषध नको, आणि दोन टोचण्यांत निदान चार बोटें अंतर असावें. लस एका बाजूस टोचली असेल तर त्या दिवसांत औषध दुसऱ्या बाजूस टोचवावें. पाखऱ्याच्या बाबतींत एवढेंच केलें असतें तर निदानास आठ दिवस कमी लागले असते. लशीची बाटली बर्फाच्या पेटींतून निघते कीं खिशांतून, हेंही पाहावें. शंका आली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें, किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा; फिरतें पथक त्यावरून मिळतें.

शेवटीं माझ्या वहीविषयीं. गांव नमुना बारांत प्रत्येक शेताच्या पिकाची नोंद असते, मग जें जनावर तें पीक काढतें त्याची नोंद कां नसावी, असें मनांत येऊन मीं एक वही आंखली. तींत पुढील रकाने आहेत : कानांतील बिल्ल्याचे बारा अंक, तारीख, लस किंवा औषधाचें नांव व बाटलीवरील क्रमांक, किती टोचलें, डावी बाजू कीं उजवी, कोणी टोचलें, आणि तिसऱ्या, दहाव्या व एकविसाव्या दिवशीं सुतळीची मोजणी. शेवटचे तीन रकाने बहुधा "कांहीं नाहीं" या दोन शब्दांनीं भरतात. गेल्या ज्येष्ठांत गाईच्या उजव्या मानेस गांठ आली ती दहाव्या दिवशीं तीन बोटें होती, एकविसाव्या दिवशीं दोन. तिला कोणी हात लावला नाहीं, आणि पोळ्यास ती बोटांस लागेनाशी झाली. पाखऱ्याच्या मानेवर मात्र रुपयाएवढा बिनकेंसाचा डाग आहे. जूं त्याच्या चार बोटें वर टेकतें, आणि तो अजून डाव्या बाजूसच चालतो.